तेशेनोकरीण

मुहर्रकच्या जुन्या पोस्टामागे आमचं टायपिंग सेंटर.
दोन खुर्च्या, एक एसी,
एसीखाली निडोचा रिकामा डबा, थेंबांसाठी.
दर दोन वर्षांनी ती येते.
ब्याऐंशीची झाली. काठी स्वतःच दाराशी टेकवते
आणि म्हणते, चला, मला पुन्हा कायदेशीर करा.

आडेलहाइट मारिया फॉन तेशेनो.
फॉर्मात चोवीस घरं.
शेवटची चार अक्षरं दरवेळी बाहेरच राहतात,
चपला काढून उंबऱ्याशी उभ्या पाहुण्यांसारखी.

पहिल्या खेपेला तिने माझं नाव विचारलं.
कुणकेरकर, म्हटलं. गाव कुणकेरी, म्हणून कर.
ती सरसावून बसली.
अरे, म्हणजे फॉन कुणकेरी!
मग तुम्ही तेशेनोकरीण, मी म्हणालो,
आणि तिथेच आमची सोयरीक झाली.
तिच्या तेशेनोत आता ट्रॅक्टरची गोदामं,
वेशीवरच्या पाटीवर दुसऱ्याच भाषेतलं नाव.
चार वर्षांची होती, गाडीत गाद्यांखाली लपवून आणलेली.
मी कुणकेरीला दोनदा गेलोय.
त्यातल्या एकदा माझं पोट दुखत होतं, एवढंच आठवतं.

यंदा सर्व्हर झोपलेला.
समोरून करक चहा मागवला.
तिने पर्समधून स्वतःचा चमचा काढला,
चांदीचा, दांड्यावर तीन मासे आणि एक किल्ली.
ह्याच चमच्याने सासूने मला बलालीत भरवलं, म्हणाली,
पहिल्या उन्हाळ्यात, ताप उतरेपर्यंत.
सासू गव्वासाची बायको. मोत्यांचे भाव तोंडपाठ,
अंगावर मोती एकही नाही.

मग नावं म्हणू लागली.
पणजे, पणज्या, त्यांचेही आईबाप, सोळाच्या सोळा,
पाढे म्हणावेत तशी, मध्ये श्वास न घेता.
आमच्यात सोळा मोजून दाखवावे लागत, म्हणाली,
नाहीतर हेडविग आत्याला त्या मठात
खोलीसुद्धा मिळाली नसती.

त्याच आत्याने, चौसष्ट साली,
मी याकूबशी लग्न केल्याचं पत्र पोचलं त्या संध्याकाळी,
शिवणाच्या कात्रीने मला वंशवृक्षातून कापलं.
नीट, गोल. काजं करायचा हात होता तिचा.

आत्या गेल्यावर भाऊ कोनराडने तो कागद इकडे धाडला.
सोबत एक पाकीट. पाकिटात मी.
नखाएवढी, पिवळी पडलेली,
आत्याच्या प्रार्थनेच्या पुस्तकात सापडलेली.
एकवीस वर्षं जपून ठेवली होती म्हातारीने.

मग चिकटवलं नाही परत?
कशाला? भिंतीवर टांगलाय तसाच.
भोकातून मागचा निळा रंग दिसतो. याकूबने दिलेला.
पोपडे धरलेत, राशिद म्हणतो नवा देऊ.
नातू आहे, पण त्याला काय कळतं.

सर्व्हर जागा झाला.
प्रायोजक: राशिद. नातं: आईची आई.
यादीत तसा पर्यायच नव्हता. 'इतर' निवडलं.
'इतर' वाचून ती चहा सांडेपर्यंत हसली.

रात्री खोलीवर पावतीच्या पाठीमागे
मी माझे सोळा लिहायला बसलो.
पाचावर अडलो. कुडाळला फोन लावला.
आई, तुझ्या आजीचं नाव काय गं?
आईने टीव्हीचा आवाज कमी केला.
बराच वेळ पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली.
मग म्हणाली,
तिका सगळी 'गे बाय' म्हणीत.
नाव? नाव कोणाक ठावक.
तू जेवलंस मां?

मी सहावं घर कोरं ठेवलं.
आमच्याकडे कुणी कात्रीसुद्धा हातात घेतली नव्हती.